चिप बंद झाली, यंत्र मात्र चालूच आहे: इलेक्ट्रॉनिक घटकांच्या कालबाह्यतेचे नियोजन

परळ, लालबाग किंवा दादरच्या एखाद्या इमारतीतली लिफ्ट बारा वर्षांनी अचानक थांबते. मोटर शाबूत असते, दोर शाबूत असतात, डबाही ठीक असतो. पॅनलमधले एक कार्ड गेलेले असते आणि त्या कार्डावरची चिप बनवणे कंपनीने कधीच बंद केलेले असते. मग सोसायटीपुढे प्रस्ताव येतो की पूर्ण पॅनलच बदला. काहीशे रुपयांच्या भागापायी खर्च लाखांत जातो आणि तोवर वरच्या मजल्यावरचे वृद्ध रहिवासी घरात अडकून पडतात.

यात कोणाची लबाडी असतेच असे नाही. बऱ्याचदा चूक बारा वर्षांपूर्वी, कार्डाची रचना करताना झालेली असते. तेव्हा कोणी विचारलेले नसते की हा घटक पुढे किती वर्षे मिळेल आणि मिळेनासा झाला तर काय करायचे. हा प्रश्न आधीच विचारून त्याची तयारी ठेवणे म्हणजे कालबाह्यतेचे नियोजन. ते कसे करतात, हे या लेखात पाहू.

कालबाह्य म्हणजे नेमके काय?

घटक कालबाह्य झाला म्हणजे तो खराब झाला असे नाही. तो उत्तम चालत असतो, फक्त मूळ उत्पादक तो आता बनवत नाही. घटक म्हणजे चिप, ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, रिले, डिस्प्ले, कनेक्टर यांपैकी काहीही असू शकते.

लोखंडी भाग आणि चिप यांत एक मोठा फरक आहे. गिरणगावातले माग आणि चात्या अनेक दशके चालल्या, कारण झिजलेला दात किंवा तुटलेला दांडा जवळच्या वर्कशॉपमध्ये लेथवर तसाच्या तसा करून मिळे. माटुंगा आणि महालक्ष्मीच्या रेल्वे कारखान्यांत लोकलच्या डब्यांची मोठी दुरुस्ती होते, तिथेही यांत्रिक भागांबाबत हे शक्य असते. चिपचे तसे नाही. ती बनवायला शेकडो कोटींचा कारखाना, ठरावीक प्रक्रिया आणि मूळ आराखडा लागतो. उत्पादकाने ती बंद केली की गल्लीतला कितीही कुशल कारागीर ती घडवू शकत नाही.

म्हणून हा प्रश्न जास्त दिवस टिकणाऱ्या वस्तूंमध्ये अधिक बोचतो. मोबाइल तीन-चार वर्षांत बदलतो. लिफ्ट, रेल्वेगाडी, रुग्णालयातले यंत्र, विजेचा मीटर, कारखान्यातली यंत्रणा यांच्याकडून मात्र दहा ते पंचवीस वर्षांची अपेक्षा असते. चिपच्या बाजारात वजन मोठ्या संख्येने खपणाऱ्या वस्तूंचे. वर्षाला पाचशे कार्डे करणाऱ्या उद्योजकासाठी कोणी उत्पादन चालू ठेवत नाही.

चिप बंद का होते?

कारणे मुख्यतः चार.

पहिले कारण मागणी घटणे. झेड-८० हा प्रसिद्ध आठ-बिट मायक्रोप्रोसेसर १९७६ मध्ये बाजारात आला. झायलॉग कंपनीने त्याची मूळ मालिका बंद करत असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आणि शेवटची मागणी नोंदवायला १४ जून २०२४ ही तारीख दिली. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षे मिळणाऱ्या भागासाठी ग्राहकांच्या हाती उरले जेमतेम दोन महिने. इंटेलने १९८५ मध्ये आणलेला ३८६ प्रोसेसर संगणकांतून केव्हाच गेला होता, पण यंत्रसामग्रीसाठी तो २००७ पर्यंत बनत राहिला.

दुसरे कारण कायदा. युरोपीय संघाने विद्युत उपकरणांतील शिसे, पारा, कॅडमियम वगैरेंवर घातलेले निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाले. उत्पादकांनी खपणारे भाग शिसेविरहित करून पुन्हा आणले, न खपणारे मात्र बंद केले. युरोपात एकही वस्तू न विकणाऱ्या भारतीय कारखान्यालाही त्याची झळ बसली, कारण भाग सगळ्यांसाठी एकाच ठिकाणी बनतो.

तिसरे कारण अपघात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे अशाही कासेई मायक्रोडिव्हाइसेस या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे बनणाऱ्या ध्वनी-चिप्स जगभरातल्या ऑडिओ उपकरणांत वापरल्या जात. अनेक उत्पादकांना तयार उपकरणांची रचना मुळापासून बदलावी लागली.

चौथे कारण म्हणजे पुरवठादार विकला जाणे, बुडणे किंवा करारातून बाहेर पडणे. याचे उदाहरण शोधायला मुंबईबाहेर जावे लागत नाही.

मोनोरेल: पुरवठादारच गेला तेव्हा

चेंबूरहून वडाळामार्गे दादर पूर्व, नायगाव, लोअर परळ आणि पुढे सात रस्त्याजवळच्या संत गाडगे महाराज चौकापर्यंत जाणारी मोनोरेल सुमारे वीस किलोमीटरची. तिचे काम लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियाची स्कोमी इंजिनिअरिंग यांच्या गटाला मिळाले होते. गाड्या स्कोमीच्या होत्या. चेंबूर ते वडाळा हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनी स्थानकाजवळ रिकाम्या गाडीला आग लागली आणि सेवा सप्टेंबर २०१८ पर्यंत बंद राहिली. डिसेंबर २०१८ मध्ये एमएमआरडीएने स्कोमीबरोबरचा करार संपवून मार्ग स्वतःच्या ताब्यात घेतला. मार्च २०१९ मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला.

मार्ग पूर्ण झाला, पण गाड्यांचा प्रश्न सुटला नाही. सुट्या भागांअभावी ताफ्यातल्या काही गाड्या उभ्या राहिल्या. गाड्या कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी कमी, असे चक्र सुरू झाले. एमएमआरडीएला काही भागांसाठी देशी उत्पादक शोधावे लागले आणि पुढे हैदराबादच्या मेधा सर्वो ड्राइव्हज या कंपनीकडे दहा नव्या गाड्यांचे काम देण्यात आले. नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवण्यासाठी २० सप्टेंबर २०२५ पासून सेवा थांबवण्यात आली.

मोनोरेलच्या अडचणी अनेक होत्या, सगळ्याच सुट्या भागांमुळे आल्या असे म्हणता येणार नाही. पण रचनेच्या दृष्टीने धडा स्पष्ट आहे. जगात मोजक्याच ठिकाणी असलेली यंत्रणा, एकच गाडी-उत्पादक आणि त्याच्यावाचून न मिळणारे भाग. अशा व्यवस्थेत एखादी चिप बंद होण्याची वाट पाहावी लागत नाही, पुरवठादार बाजूला झाला की सगळेच भाग एका दिवसात दुर्मीळ होतात. या क्षेत्रात त्याला ‘डीएमएसएमएस’ म्हणतात. उत्पादनाचे स्रोत आटत जाणे आणि मालाची टंचाई होणे, असा त्याचा अर्थ.

बंद होण्याची वर्दी कशी मिळते?

बहुतेक घटक एका रात्रीत नाहीसे होत नाहीत. त्यांच्या आयुष्याचे टप्पे असतात: नवा, चालू, उतरता, ‘नव्या रचनेसाठी शिफारस नाही’ आणि शेवटी बंद. यांतला चौथा टप्पा फार महत्त्वाचा. उत्पादकांच्या संकेतस्थळावर तो ‘एनआरएनडी’ या अक्षरांनी दाखवलेला असतो. भाग अजून मिळत असतो आणि अनेकदा स्वस्तही असतो, म्हणून नवशिका अभियंता त्याला भुलतो. नव्या कार्डावर असा भाग घेणे म्हणजे एक्स्पायरी जवळ आलेले औषध वर्षभराच्या साठ्यासाठी घेणे.

भागात काही बदल होणार असेल तर उत्पादक ‘पीसीएन’ ही बदलाची सूचना काढतो. उत्पादन थांबणार असेल तर बंद करण्याची सूचना निघते. जेडेक या उद्योगसंघटनेच्या मानकानुसार, सूचनेनंतर शेवटची मागणी नोंदवायला साधारण सहा महिने आणि शेवटचा माल उचलायला बारा महिने द्यावेत अशी अपेक्षा असते. ती नेहमी पाळली जातेच असे नाही, झेड-८० चे उदाहरण वर आलेच आहे.

या सूचना अधिकृत वितरकांमार्फत नोंदणीकृत ग्राहकांपर्यंत पोहोचतात. छोटा उद्योजक माल बाजारातून रोखीने घेत असेल तर त्याला हे पत्र कधीच मिळत नाही. म्हणून महत्त्वाच्या भागांपुरती तरी अधिकृत वितरकाकडे नोंदणी करून ठेवावी. त्याला पैसे पडत नाहीत.

रचना करतानाच काय करावे?

कालबाह्यता कशी हाताळावी याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२४०२. त्याचे सार एवढेच की अडचण आल्यावर धावाधाव करू नका, जोखीम आधी मोजा. छोट्या उद्योगालाही झेपतील अशा गोष्टी पुढीलप्रमाणे.

१. घटकांच्या यादीत आणखी तीन रकाने जोडा. यादीत भागाचा नंबर, संख्या आणि किंमत असतेच. त्यापुढे आयुष्याचा टप्पा, किती उत्पादक तो बनवतात आणि पर्यायी भागाचा नंबर लिहा. ज्या ओळीत उत्पादक एकच आणि पर्याय शून्य, ती तुमची धोक्याची ओळ. बहुतेक कार्डांवर अशा ओळी चार-पाचच निघतात. सगळे लक्ष तिथे द्यावे.

२. शक्य तिथे अनेकांकडून मिळणारे भाग घ्या. ५५५ टायमर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आला आणि आजही अनेक कंपन्या तो बनवतात. ७८०५ व्होल्टेज रेग्युलेटरचेही तसेच. एखादी नवी चिप तेच काम थोडे अधिक चांगले करीत असेल, पण ती एकाच कंपनीची असेल तर त्या ‘थोड्या’ची किंमत पुढे मोजावी लागते.

३. बोर्डावर दुसऱ्या भागाची जागा ठेवा. मेमरी किंवा रेग्युलेटर दोन आकारांत येत असेल तर दोन्ही बसतील असे ठसे बोर्डावर काढता येतात. बोर्ड छापताना याचा खर्च नगण्य असतो.

४. लवकर बदलणारा भाग वेगळ्या कार्डावर टाका. विजेच्या स्मार्ट मीटरचा विचार करा. वीज मोजण्याचे तंत्र फारसे बदलत नाही, पण माहिती पाठवण्याचे तंत्र दर काही वर्षांनी बदलते. मोबाइलच्या जुन्या पिढीचे जाळे बंद झाले तर त्यावर चालणारा मोडेम निरुपयोगी होतो. मोडेम वेगळा काढता येत असेल तर तेवढाच बदलतो, नाहीतर पूर्ण मीटर काढावा लागतो. लिफ्टच्या पॅनलमध्येही डिस्प्ले, संपर्क आणि मुख्य नियंत्रण वेगवेगळे ठेवण्याचे कारण हेच.

५. सॉफ्टवेअरमध्ये चिपवर अवलंबून असलेला भाग बाजूला ठेवा. मायक्रोकंट्रोलर बदलला की बहुतेक वेळा खरा त्रास प्रोग्रामचा होतो. लिफ्ट कोणत्या मजल्यावर थांबवायची हे ठरवणारा भाग आणि चिपच्या पिना हलवणारा भाग वेगळ्या फाइलींत असतील तर नव्या चिपसाठी दुसराच लिहावा लागतो. मूळ प्रोग्राम आणि तो तयार करायला वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्तीही जपून ठेवावी. चिप मिळते पण मूळ प्रोग्राम लिहिणारा माणूस सोडून गेला, हीदेखील कालबाह्यताच.

६. आयुष्याची हमी देणाऱ्या मालिका निवडा. काही उत्पादक ठरावीक भाग दहा किंवा पंधरा वर्षे बनवण्याचे जाहीर करतात, एनएक्सपीचा असा कार्यक्रम आहे. मायक्रोचिपचे धोरण ग्राहकांची मागणी असेपर्यंत भाग चालू ठेवण्याचे आहे. रास्पबेरी पायसुद्धा आपला प्रत्येक बोर्ड निदान कधीपर्यंत बनेल ते प्रसिद्ध करते. मात्र दहा वर्षे भाग बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही वापरायला घेतल्यापासून नव्हे.

शेवटची खरेदी: किती घ्यायची?

बंद होण्याची सूचना आली आणि पर्याय नसेल तर एकदाच मोठी खरेदी करून साठा करतात. किती घ्यायचे याचा अंदाज चुकला तर दोन्हीकडून नुकसान. कमी घेतले तर काम अडते, जास्त घेतले तर पैसा कपाटात पडून राहतो. हिशोबाची रीत समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

एक छोटा कारखाना लिफ्टची कार्डे बनवतो. वर्षाला ६०० कार्डे, आणि हे मॉडेल आणखी तीन वर्षे चालणार. म्हणजे १,८०० चिप्स. बाजारात सरासरी ५,००० कार्डे वापरात असतील आणि वर्षाला २ टक्क्यांत ही चिप बदलावी लागते असे धरले, तर दुरुस्तीसाठी वर्षाला १०० आणि दहा वर्षांना १,००० चिप्स. एकूण २,८००. उत्पादनात वाया जाणाऱ्या ३ टक्क्यांच्या ५४ मिळवल्या की २,८५४. त्यावर १५ टक्के राखीव धरले तर ३,२८२, म्हणजे ३,३०० घ्याव्यात. चिप १८० रुपयांची असेल तर ५ लाख ९४ हजार रुपये गुंतले.

आता हाच पैसा नवी रचना करायला पुरतो का, हे पाहावे. कार्डाची पुनर्रचना, चाचण्या आणि प्रमाणपत्रे मिळून नऊ लाख येत असतील तर साठा परवडतो. चार लाखांत होत असेल तर साठा करणे हा फक्त आळस ठरतो. अनेकदा मधला मार्ग बरा असतो: वर्ष-दीड वर्षाचे उत्पादन आणि जुन्या कार्डांची दुरुस्ती यांपुरता साठा घ्यायचा आणि तेवढ्या वेळात नवे कार्ड तयार करायचे.

साठवण आणि मुंबईची हवा

चिप म्हणजे डब्यात ठेवलेली डाळ नव्हे, पण ओल दोघींनाही मानवत नाही. बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या अनेक चिप्सचे प्लॅस्टिक हवेतली ओल शोषून घेते. सोल्डरिंगच्या भट्टीत तापमान २४० अंशांच्या पुढे गेले की त्या ओलीची वाफ होते आणि चिप आतून तडकते. म्हणून असे भाग ओल अडवणाऱ्या बंद पिशवीत, ओल शोषणारी पुडी आणि आर्द्रता दाखवणारे कार्ड घालून येतात. संवेदनशीलतेचे दर्जे ठरलेले आहेत. तिसऱ्या दर्जाची चिप पिशवी फोडल्यावर १६८ तासांत बसवावी लागते, तेही ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता यांच्या मर्यादेत.

पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. एसी नसलेल्या गाळ्यात १६८ तासांचा हिशोब मग खरा राहत नाही. उघडलेली पिशवी पुन्हा सील करणे, कोरड्या कपाटात ठेवणे आणि वेळ उलटून गेल्यास बसवण्यापूर्वी ठरलेल्या तापमानाला भाजून घेणे, हे उपाय आहेत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मात्र दहा वर्षांच्या साठ्यासाठी घेऊच नयेत. वापरात नसताना त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर कमकुवत होतो. जुना कपॅसिटर वापरायची वेळ आलीच तर रेझिस्टर मधे घालून त्याला हळूहळू व्होल्टेज द्यावे लागते.

लॅमिंग्टन रोड: उपयोग कुठे, धोका कुठे?

ग्रँट रोड स्थानकाजवळचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लोकांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच आहे. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, दुरुस्ती करणारे, छोटे उत्पादक, सगळे तिथे जातात. आयसीचा नंबर सांगितला की नसलेला भागही शेजारच्या दुकानातून येतो. जुन्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्झिस्टर किंवा प्रोजेक्टसाठी दोन सेन्सर घ्यायचे असतील तर यासारखी जागा नाही. बंद झालेल्या भागाचा शिल्लक माल कधीकधी इथेच निघतो.

पण कारखान्याच्या उत्पादनासाठी खुल्या बाजारातून बंद भाग घेताना सावध राहावे, मग तो बाजार मुंबईचा असो, दिल्लीचा असो की चीनमधल्या शेन्झेनचा. भाग दुर्मीळ झाला की बनावट मालाला भाव येतो. भंगार बोर्डांवरून काढलेल्या चिप्स घासून त्यांवर नवा नंबर छापतात, किंवा हलक्या दर्जाच्या चिपवर भारी दर्जाचा नंबर टाकतात. अशी चिप टेबलावर चालते आणि यंत्रात सहा महिन्यांनी दगा देते. लिफ्टमध्ये किंवा रुग्णाच्या उशाशी असलेल्या यंत्रात ते परवडणारे नाही.

ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. एकाच नळीतल्या चिप्सवर वेगवेगळे तारीख-क्रमांक असतील तर शंका घ्यावी. हा क्रमांक बहुधा चार अंकी असतो: २३१४ म्हणजे २०२३ चा चौदावा आठवडा. चिप बंद झाल्यानंतरची तारीख तिच्यावर दिसली तर प्रश्न विचारावाच. ॲसिटोनच्या बोळ्याने पुसल्यावर छपाई किंवा वरचा थर निघाला, पिनांवर जुन्या सोल्डरच्या खुणा दिसल्या, तर माल परत करावा. या खुणा दिसल्या नाहीत म्हणून माल अस्सल ठरत नाही. महत्त्वाच्या कामासाठी एक्स-रे आणि विद्युत चाचणी लागते. त्याआधी अधिकृत मार्ग तपासावा: रोचेस्टर इलेक्ट्रॉनिक्ससारख्या कंपन्या मूळ उत्पादकाच्या परवानगीने बंद भागांचा साठा ठेवतात आणि काही भाग पुन्हा बनवतातही.

भाग बदलला की काम संपले?

नाही. पर्यायी चिपची माहितीपत्रिका जुळली तरी वेग, उष्णता आणि विद्युत गोंगाट यांत फरक पडू शकतो. सुरक्षिततेच्या चाचणी अहवालात महत्त्वाच्या घटकांची नावे नोंदलेली असतात. त्यांतला घटक बदलला तर चाचणी पुन्हा करावी लागू शकते. वैद्यकीय उपकरणात तर बदलाची नोंद आणि त्यामागचे कारण दोन्ही जपावे लागते. पर्याय आधीच ठरवून पहिल्याच चाचणीत दोन्ही भाग तपासून घेतले तर पुढचा मोठा खर्च वाचतो तो इथे.

विकत घेणाऱ्याने काय विचारावे?

नियोजन हे फक्त अभियंत्याचे काम नाही. सोसायटी, रुग्णालय किंवा सार्वजनिक संस्था खरेदीच्या वेळी मागणी करते, तेव्हाच उत्पादक त्याचा विचार करतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ पोर्टल सुरू केले. त्यावर कंपन्यांनी दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती द्यावी अशी कल्पना आहे. पण मोठ्या यंत्रणेसाठी करारातच लिहून घेतलेले बरे. करारावर सही करण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत.

– विक्री थांबल्यानंतर सुटे भाग किती वर्षे मिळतील? वर्षांचा आकडा लेखी आहे का?

– एखादा भाग बंद होणार असेल तर आम्हाला किती महिने आधी कळवाल?

– कोणती कार्डे फक्त तुमच्याकडेच मिळतात? त्यांतले एखादे जादा आताच घेऊन ठेवावे का?

– कंपनी बंद पडली किंवा करार संपला तर आराखडे, सर्किटची चित्रे आणि मूळ प्रोग्राम आम्हाला मिळतील का? ते तिसऱ्या पक्षाकडे सुरक्षित ठेवण्याची तयारी आहे का?

– दहा वर्षांनी एक कार्ड गेले तर तेवढेच बदलता येईल, की पूर्ण पॅनल बदलावे लागेल?

या प्रश्नांना लेखी उत्तरे देणाऱ्याचे दरपत्रक थोडे महाग असू शकते. दोन दरपत्रकांची तुलना करताना पहिल्या दिवशीच्या किमतीबरोबरच बाराव्या वर्षीच्या दुरुस्तीचा खर्चही मांडावा.